‘बाबा परदेशात असतात’ असं सांगू का?

ती माझ्याकडे समुपदेशनाला आली तेव्हा 38 वर्षांची होती. ठाण्यात घोडबंदर रोडला स्वतःचं घर, चांगली नोकरी, लग्न केलेलं नाही. दात्याच्या शुक्राणूंच्या मदतीने आई व्हायचं पक्कं ठरलेलं, तपासण्याही झालेल्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

“मॅडम, उद्या मूल विचारेल, माझे बाबा कुठे आहेत? काय सांगू?”

या वाटेने निघालेल्या बहुतेकींना हाच प्रश्न पडतो. मी मात्र कायदा सांगत बसले. सहाय्यक प्रजनन उपचारांबद्दलच्या 2021च्या कायद्यानुसार 21 ते 50 वयाच्या स्त्रीला हे उपचार घेता येतात, लग्नाची अट नाही. दात्याचा मुलावर हक्क राहत नाही. अविवाहित आईने प्रतिज्ञापत्र दिलं की जन्मदाखला द्यावा, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015मध्येच सांगितलंय. ती मान डोलवत राहिली. हे सगळं वाचूनच आली होती बिचारी.

मग विचारलं, घरी काय म्हणतात?

“आई म्हणते, बाबा परदेशात असतात म्हणून सांग. मोठं झालं की बघू.”

म्हणजे खरी गाठ इथे होती. आजीला नातवंड हवं होतं; फक्त लिफ्टमध्ये कुणी विचारलं तर द्यायला उत्तर नव्हतं.

मी एरवी सल्ले देताना हात आखडता घेते, इथे मात्र स्पष्ट नाही म्हटलं. परदेशातल्या बाबाची पोर वाट बघतं. वाढदिवसाला फोन का येत नाही, म्हणून स्वतःलाच दोष देतं. आणि आपल्या सोसायट्यांमध्ये असली गुपितं किती दिवस टिकतात, हे ठाणेकरांना मी काय सांगायचं!

“मी चार वर्षांची आहे असं समजा,” मी म्हटलं. “सांगा मला.”

पहिल्यांदा ती रडली. दुसऱ्यांदा शास्त्राचा तास घेतला. तिसऱ्या भेटीत जमलं: “मला तू हवी होतीस. बाळ व्हायला बाईकडचं एक बी लागतं आणि पुरुषाकडचं एक. माझ्याकडे दुसरं नव्हतं. एका माणसाने ते दिलं, डॉक्टरांनी मदत केली. तो कोण, ते मलाही माहीत नाही.”

शेवटचं वाक्य तिला गाळायचं होतं. मी गाळू दिलं नाही. आपल्याकडे दात्याची ओळख गुप्त राहते, तेव्हा ‘माहीत नाही’ हेच खरं उत्तर. त्यावर मुलाला पुढे वाईट वाटेल, रागही येईल. तो येऊ द्यायचा. आणि दात्याला ‘बाबा’ म्हणायचं नाही, ‘मदत करणारा माणूस’ म्हणायचं. सांगायला मूल विचारेपर्यंत थांबायचं नाही. लंगोट बदलतानाच सुरुवात करायची. बाळाला काही कळत नाही, पण आईची जीभ सरावते.

मुलगी झाली. नऊ महिन्यांची असताना तिला कडेवर घेऊन दोघी भेटायला आल्या. आजीनेच सांगितलं, लिफ्टमध्ये नव्या भाडेकरू बाईंनी विचारलं होतं, हिचे बाबा कुठे असतात?

“मी म्हटलं, बाबा नाहीत हिला. आई आहे, मी आहे. तुम्ही कितव्या मजल्यावर?”