वडिलांच्या ऑपरेशनला पैसे देणाऱ्या मालकासाठी खोटा रिपोर्ट करू का?

नमस्कार भाऊ. तुम्ही लिहिलंय की बीडकडच्या एका गावात पाण्याच्या टाकीचं काम चालूय, तुम्ही साइट इंजिनिअर, एम ३० काँक्रीटचे (म्हणजे २८ दिवसांत ३० न्यूटन प्रति चौ. मिमी ताकद हवी असलेलं) २८ दिवसांचे क्यूब, म्हणजे तपासणीसाठी ओतलेले काँक्रीटचे ठोकळे, २३ लाच फुटले आणि मालक म्हणतात लॅबच्या रिपोर्टवर ३३ कर, खाली सही मार, बिल अडकलंय. वडिलांच्या ऑपरेशनला त्यांनीच पैसे दिले म्हणून तुमचं तोंड उघडत नाही.

सही करू नका, बाकीचं नंतर वाचा.

लॅबच्या रिपोर्टवरचा आकडा फिरवून बिल काढणं म्हणजे फसवणुकीसाठी बनावट कागद, भारतीय न्याय संहितेचं कलम ३३६(३), सात वर्षांपर्यंत शिक्षा. मालकानं सांगितलं म्हणून केलं हे कोर्टात चालत नाही, आणि नोकरी जाईल ही भीती पण चालत नाही, कलम ३२ ला तिथल्या तिथं जीव जाईल अशी धमकी लागते. उद्या टाकी खचून कुणी दगावलं तर कलम १०६ आहेच, पाच वर्षांपर्यंत, आणि कागदावर सही तुमची.

आता मालकाचं. तुम्हाला त्यांचं भलं करायचंय ना, मग त्यांना हे सांगा की क्यूब फेल गेले म्हणजे लगेच टाकी पाडायची असं नसतं. आपल्याकडं उन्हाळ्यात क्युरिंगचं, म्हणजे काँक्रीट ओलं ठेवायचं, पाणी सुद्धा टँकरनं येतं, क्यूब नीट भिजलेच नसतील असंही होतं. आयएस ४५६ मध्येच, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय मानकातच, वाट दिलीय, बांधलेल्या टाकीतूनच कमीत कमी तीन कोअर, म्हणजे काँक्रीटचे गोल तुकडे, कापून काढून तपासायचे, सरासरी ताकद ठरलेल्याच्या ८५ टक्के आली आणि एकही ७५ च्या खाली नाही गेला तर काँक्रीट पास, म्हणजे तुमच्या एम ३० ला सरासरी २५.५ आणि एकेक कोअर २२.५ च्या वर. त्यात बसली तर बिल खरं निघेल. नाही बसली तर ती टाकी भरायचीच नाही, खाली गावातली लेकरं खेळतात हो.

हे तोंडी बोला, पण त्याच दिवशी मालकाला ईमेल पण टाका, साध्या भाषेत, आरोप न करता, कोअर टेस्ट करू म्हणून. मूळ रिपोर्टची प्रत ठेवा, व्हॉट्सअॅप डिलीट करू नका, मोबाईल बदलू नका, पुढं मोबाईलमधला पुरावा कोर्टात दाखवायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट द्यावं लागतं, त्याला तोच लागेल. त्यांनी ऐकलंच नाही तर कारण लिहून राजीनामा द्या आणि टाकीचं काम ज्या खात्याचं आहे त्याच्या कार्यकारी अभियंत्याला लेखी कळवा. २०१४ च्या व्हिसलब्लोअर (गैरव्यवहार उघड करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या) कायद्याच्या भरवशावर राहू नका, तो मुळात सरकारी नोकरांच्या गैरव्यवहारासाठी आहे.

आणि ऑपरेशनचे पैसे दरमहा बँकेतून थोडे थोडे परत करायला लागा, चिठ्ठी करून. ओरिजिनल मार्कशीट त्यांच्याकडं असतील तर त्या आधी मागून घ्या, ईमेल नंतर.