एक धागा सलग, दुसरा तुकड्यांत : असं का?

प्रश्न : मॅडम, मी जीवशास्त्राच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. पेशी विभागण्याआधी डीएनएची प्रत तयार होते, तेव्हा एक नवा धागा सलग बनतो आणि दुसरा तुकड्यातुकड्यांनी, असं पुस्तकात आहे. कारण एवढंच दिलंय की पॉलिमरेज हे एन्झाइम एकाच दिशेने काम करतं. पण ते एकाच दिशेने का करतं? उलट दिशेने चालणारं आणखी एक एन्झाइम असतं तर हा सगळा खटाटोप वाचला नसता का? वर्गात विचारलं तर ‘ते तसंच आहे’ असं उत्तर मिळालं.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : त्या उत्तरावर तू थांबली नाहीस याचा मला फार आनंद झाला. 1960च्या दशकात हाच प्रश्न या विषयातल्या भल्याभल्यांना पडला होता, आणि ‘उलट दिशेचं एन्झाइम कुठेतरी असणारच’ असंच त्यांतल्या अनेकांना वाटत होतं.

आधी अडचण नेमकी काय ते पाहू. डीएनएचे दोन धागे एकमेकांच्या शेजारी पण उलटसुलट असतात. प्रत्येक धाग्याच्या दोन टोकांना पाच-प्राइम आणि तीन-प्राइम अशी नावं आहेत. एकाचं पाच-प्राइम टोक जिकडे, तिकडे दुसऱ्याचं तीन-प्राइम. प्रत बनवताना हे दोन्ही धागे एकाच ठिकाणाहून, एकाच दिशेने उलगडत जातात. 1956च्या सुमारास आर्थर कॉर्नबर्ग यांनी ई. कोलाय या जीवाणूतून पॉलिमरेज वेगळं केलं (1959चं नोबेल त्यांना मिळालं). हे एन्झाइम नवा धागा फक्त त्याच्या तीन-प्राइम टोकालाच वाढवत होतं. म्हणजे एका बाजूची प्रत उलगडण्याच्या दिशेने निर्वेध बनेल, पण दुसऱ्या बाजूचं काय?

याचं उत्तर जपानमधल्या नागोया विद्यापीठात रेइजी आणि त्सुनेको ओकाझाकी या पतीपत्नींनी काढलं. त्यांनी वाढत्या ई. कोलायला किरणोत्सारी थायमिडीन (डीएनएच्या बांधणीत लागणारा एक घटक) अगदी काही सेकंदच दिलं आणि लगेच सगळं थांबवून डीएनए बाहेर काढला. नुकताच तयार झालेला डीएनए मोठ्या साखळ्यांत नव्हता, एक-दोन हजार न्यूक्लिओटाइडच्या, म्हणजे धाग्याच्या एकेका घटकाच्या, छोट्या तुकड्यांत होता. तेच थायमिडीन जास्त वेळ दिलं की किरणोत्सार लांब साखळ्यांत सापडायचा. म्हणजे तुकडे आधी बनतात, जोडले मागाहून जातात. त्यांनी हे 1968मध्ये प्रसिद्ध केलं. तुझ्या पुस्तकातल्या ‘ओकाझाकी तुकड्यां’मागे ही दोन माणसं आहेत. रेइजी मूळचे हिरोशिमाचे. अणुबॉम्ब पडला तेव्हा ते किशोरवयात होते आणि त्या किरणोत्साराच्या तडाख्यात सापडले होते. 1975मध्ये ल्युकेमियाने ते गेले, तेव्हा चव्वेचाळीस वर्षांचे होते. पुढचं काम त्सुनेकोंनी नेटाने चालू ठेवलं. हा धडा शिकवताना मी त्या दोघांबद्दल सांगितल्याशिवाय पुढे गेले नाही, आणि इथेही तसं जाववत नाही.

नंतर आणखी पॉलिमरेज सापडत गेली. माणसाच्या पेशीत तर ती डझनाहून जास्त आहेत. सगळी त्याच एका दिशेची.

आता तुझा ‘का’. यासाठी जोडणीची ऊर्जा कुठून येते ते पाहावं लागतं. साखळीत येणारा प्रत्येक नवा न्यूक्लिओटाइड तीन फॉस्फेट घेऊन येतो. त्यातले दोन तुटून पडतात आणि त्या तुटण्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जोड पक्का होतो. थोडक्यात, प्रत्येक पाहुणा आपली शिदोरी स्वतः बांधून आणतो. वाढत्या साखळीच्या टोकाला स्वतःची शिदोरी लागत नाही.

समजा, चुकून अ‍ॅडेनीनसमोर त्याच्या जोडीच्या थायमीनऐवजी सायटोसीन बसलं (ही डीएनएची अक्षरं). ही जोडी नीट जुळत नाही, टोक जागेवरून सरकतं आणि पॉलिमरेज अडखळतं. मग ते टोक त्याच एन्झाइमच्या दुसऱ्या कप्प्यात जातं, तिथे चुकीचा घटक कापला जातो आणि टोक परत कामाच्या जागी येतं. पुढचा न्यूक्लिओटाइड स्वतःची ऊर्जा घेऊन येतोच, त्यामुळे काम पुन्हा सुरू.

आता हेच उलट दिशेच्या एन्झाइमच्या बाबतीत करून पाहा. तिथे तीन फॉस्फेट वाढत्या साखळीच्या टोकावर असतील. नवा घटक जोडताना टोकावरची ऊर्जा खर्च होईल आणि नव्या घटकाची स्वतःची फॉस्फेट पुढच्या जोडणीसाठी टोकावर राहतील. सगळं बरोबर चाललंय तोवर हेही चालेल. पण चूक झाली आणि शेवटचा घटक कापला, तर ऊर्जाही त्याच्याबरोबर गेली! उरलेलं टोक थंड पडलं, पुढे काही जोडता येईना. चूक दुरुस्त करायला जावं तर साखळीच बंद पडते, अशी ती गत.

माझ्या मते, आणि या क्षेत्रातल्या बहुतेकांच्या मते, ती ‘एकच दिशा’ यासाठी आहे. तुकड्यांचा खटाटोप ही खोडून पुन्हा लिहिता येण्याची किंमत आहे. उलट दिशेची जोडणी रसायनशास्त्राला अशक्य आहे असं मात्र समजू नकोस. टी-आरएनए या प्रथिनं बनवायला मदत करणाऱ्या रेणूच्या पाच-प्राइम टोकाला एक ग्वानीन जोडणारं एन्झाइम यीस्टमध्ये आणि आपल्यातही आहे. ते आधी टोकावर नव्याने ऊर्जा चढवतं आणि मग जोडतं. एका घटकासाठी हे परवडतं. कोट्यवधी घटकांच्या साखळीत चूक झाली की दर वेळी टोक पुन्हा ऊर्जित करत बसणं, हा वेगळा मामला आहे.

खोडण्याची ही सोय नसेल तर काय होतं ते मी प्रयोगशाळेत डोळ्यांनी पाहिलंय. पीसीआरसाठी (नळीत डीएनएच्या भरपूर प्रती काढण्यासाठी) आम्ही टॅक पॉलिमरेज वापरायचो. गरम झऱ्यांतल्या एका जीवाणूचं हे एन्झाइम जोमदार आहे, पण त्याला चूक कापता येत नाही. जीन आहे की नाही एवढंच बघायचं असेल तर टॅक उत्तम. पण तो जीन जसाच्या तसा हवा असेल तर पीएफयू हे दुसरं पॉलिमरेज घ्यायचं, कारण त्याला चूक कापता येते. नव्या मुलांना मी दोन्हींनी बनवलेल्या क्लोनचं (प्रतींचं) सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरवाचन, करायला लावून निकाल शेजारी शेजारी ठेवायला सांगायचे. टॅकच्या क्लोनमध्ये इथे एक, तिथे एक बदललेलं अक्षर दिसलं की पुढे काही समजावावं लागत नसे.

आकड्यांत सांगते. तुझ्या एका पेशीत सुमारे 640 कोटी अक्षरी जोड्या आहेत. योग्य घटक निवडण्यात पॉलिमरेजची चूक साधारण 1 लाखात एक. तेवढ्यावर सोडलं तर एका विभाजनात 64,000 चुका होतील. जागच्या जागी खोडण्यामुळे हे प्रमाण 1 कोटीत एकच्या आसपास येतं, म्हणजे सहाशे-साडेसहाशे चुका. नंतर आणखी एक पथक फिरतं. ते नव्या धाग्यातली न जुळणारी जोडी शोधून तेवढा भाग काढतं आणि पुन्हा भरतं. त्यानंतर प्रमाण अब्जात एकच्या घरात, म्हणजे अख्ख्या जीनोममध्ये (पेशीतल्या सगळ्या डीएनएमध्ये) हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चुका. या दुसऱ्या दुरुस्तीवरच्या कामासाठी पॉल मॉड्रिच 2015च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. या दुरुस्तीचे जीन बिघडलेले असले तर लिंच सिंड्रोम होतो आणि मोठ्या आतड्याचा व गर्भाशयाचा कर्करोग होण्याचा धोका खूप वाढतो. पॉलिमरेज एप्सिलॉन या आपल्या एका पॉलिमरेजचा कापणारा कप्पा बिघडला तर होणाऱ्या कर्करोगाच्या गाठींच्या डीएनएमध्ये बदलांचा अक्षरशः पूर येतो.

तुझ्या पुस्तकातली आणखी एक गोष्ट याच धाग्यात बसते, ती म्हणजे प्रायमर. पॉलिमरेज कोऱ्या जागेवर सुरुवात करू शकत नाही, त्याला आधी नीट जुळलेलं टोक लागतं. हीही त्याच काटेकोरपणाची दुसरी बाजू आहे : मागचा जोड बरोबर आहे ना, हे पाहूनच जे पुढे जातं त्याला मागे काहीतरी हवंच. म्हणून प्रायमेज हे एन्झाइम आरएनएचा छोटासा, दहाएक घटकांचा तुकडा टाकून देतं. ते स्वतः फारसं काटेकोर नसतं, आणि नसलं तरी चालतं. कारण तो तुकडा आरएनएचा आहे, म्हणजे पेशीला तो परका म्हणून लगेच ओळखू येतो, काढला जातो आणि ती जागा डीएनएने भरली जाते. माणसात हे ओकाझाकी तुकडे जेमतेम शंभर-दोनशे घटकांचे. एका विभाजनात असे काही कोटी तुकडे बनतात, प्रत्येकाचा प्रायमर निघतो आणि लायगेज हे एन्झाइम प्रत्येकाचा सांधा जोडतं. हा आकडा पहिल्यांदा कागदावर मांडला तेव्हा मी बराच वेळ त्याच्याकडे पाहत बसले होते.

गुणसूत्राच्या अगदी शेवटचा प्रायमर निघाल्यावर ती जागा भरता येत नाही आणि टोक थोडं आखूड होतं. टेलोमिअर (गुणसूत्राचं टोक) आणि टेलोमरेज (ते पुन्हा वाढवणारं एन्झाइम) यांची गोष्ट तिथून सुरू होते, पण त्यासाठी वेगळा प्रश्न पाठव.

प्रश्न : ई. कोलाय 20 मिनिटांत दुप्पट होतो म्हणतात. पण त्याच्या डीएनएची प्रत व्हायला 40 मिनिटं लागतात असंही वाचलं. दोन्ही खरं कसं असेल?
— एक शिक्षक

उत्तर : दोन्ही खरं आहे. त्याच्या वर्तुळाकार गुणसूत्रात सुमारे 46 लाख जोड्या आहेत. प्रत एका ठिकाणाहून सुरू होऊन दोन्ही बाजूंनी, सेकंदाला हजाराच्या आसपास वेगाने जाते. 23 लाखांना हजाराने भागा : 2,300 सेकंद, म्हणजे चाळीसेक मिनिटं होतात. पण खायला भरपूर असलं की हा जीवाणू पहिली प्रत पुरी व्हायची वाट पाहत नाही. ती अर्ध्यावर असतानाच नव्या सुरुवातीच्या जागांवर दुसरी फेरी सुरू करतो. त्यामुळे जन्माला येणाऱ्या पेशीत तिच्या मुलींसाठीचं काम आधीच चालू झालेलं असतं.

आपल्या पेशींना हे चालत नाही. आपली पॉलिमरेज बरीच सावकाश, सेकंदाला पन्नासच्या आसपास. पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रात सुमारे 25 कोटी जोड्या आहेत. त्याची प्रत मधल्या एकाच जागेवरून सुरू झाली असती तर जवळजवळ महिना लागला असता. म्हणून अख्ख्या जीनोममध्ये हजारो जागांवरून काम सुरू होतं आणि आठेक तासांत उरकतं. इतक्या जागा असताना एखादी दोनदा सुरू होऊ नये, म्हणून पेशी आधीच्या टप्प्यात प्रत्येक जागेवर एमसीएम प्रथिनांची कडी चढवून ठेवते. प्रत सुरू झाली की कडी जागा सोडून पुढे जाते, आणि विभाजन पुरं होईपर्यंत तिथे नवी कडी चढू दिली जात नाही. तुमच्या विद्यार्थ्यांना या दोन्ही गणिती उदाहरणांतले आकडे फळ्यावर स्वतः मांडायला लावा. जीवाणूला एक जागा का पुरते आणि आपल्याला का पुरत नाही, ते त्यांचं तेच शोधून काढतील.