डब्ल्यूटीओत भारत उसाची केस हरला, तरी एफआरपी वाढतेच कशी?

तुम्ही विचारलंय की जागतिक व्यापार संघटनेत ऊस-साखरेच्या प्रकरणात निकाल आपल्या विरोधात गेला, तरी इथे काहीच का बदललं नाही. घरचं धोरण आणि मुक्त व्यापार यांचं नेमकं कुठे अडतं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्याच्या अकाउंट्समध्ये नऊ हंगाम काढलेत आणि घरचा दीड एकर ऊस आहे. त्यामुळे तटस्थ असल्याचा आव आणत नाही.

आधी आमच्या टेबलावरचा हिशेब बघा. एफआरपी म्हणजे केंद्राने ठरवून दिलेला उसाचा किमान दर. २०१८-१९ ला ती होती १० टक्के उताऱ्याला (शंभर किलो उसातून दहा किलो साखर) क्विंटलमागे २७५ रुपये. म्हणजे टनाला २,७५०, आणि त्या टनातून निघणार १०० किलो साखर. नुसता ऊसच किलोमागे साडेसत्तावीस रुपयांना पडला. साखरेचा किमान विक्री दर त्याच हंगामात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, २९ वरून ३१ रुपये झाला. उरलेल्या साडेतीन रुपयांत पगार, गाळप, दुरुस्ती आणि बँकेचं व्याज. मळी-बगॅसचे (चिपाडाचे) चार पैसे येतात, पण तेवढ्यानं भागत नाही. त्यात ऊस नियंत्रण आदेश सांगतो की बिल १४ दिवसांत द्या, नाहीतर १५ टक्के व्याज. पैसे कुठून आणणार? साखर गोदामात पडून, देशात गरजेपेक्षा जास्त उत्पादन आणि बाहेरचा भाव आपल्या पडतळीच्या खाली. फेब्रुवारी-मार्चमध्ये आमच्या खिडकीसमोर रांग असायची. एक आजोबा काट्याच्या पावत्या रबर लावून प्लॅस्टिकच्या पिशवीतून आणायचे आणि एकच विचारायचे, "सोसायटीच्या कर्जाची मुदत ३१ मार्चला संपतीया, तोवर जमा हुईल का?" मी "बघू" म्हणायचो. दुसरं काय म्हणणार?

मग केंद्राने २०१९-२० साठी ६० लाख टनांपर्यंत साखर बाहेर पाठवायला टनामागे १०,४४८ रुपये जाहीर केले. ते पैसे कारखान्याच्या वतीनं, थकलेल्या बिलापोटी, थेट शेतकऱ्याच्या खात्यात जायचे. दिल्लीच्या लेखी ही थकबाकी भागवायची योजना. ब्राझीलच्या ऊसवाल्याच्या लेखी सरळसरळ निर्यात अनुदान. खोटं दोघांपैकी कुणीच बोलत नव्हतं.

ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला २०१९ मध्येच तक्रार घेऊन गेले होते. १४ डिसेंबर २०२१ ला डब्ल्यूटीओच्या पॅनेलचा, म्हणजे तंटा ऐकणाऱ्या मंडळाचा, अहवाल आला. निर्यातीच्या योजना नियमबाह्य ठरल्या. त्याहून मोठा घाव एफआरपीवर होता: २०१४-१५ ते २०१८-१९ या पाचही हंगामांत उसाला दिलेला आधार डब्ल्यूटीओने आपल्याला घातलेल्या, उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांच्या मर्यादेपलीकडे गेला, असा निष्कर्ष. आपण म्हणत होतो की एफआरपी कारखाने देतात, सरकारच्या तिजोरीतून काही जात नाही. पॅनेल म्हणालं, भाव सरकार ठरवून देतं ना? मग तो आधार सरकारचाच.

हा आधार मोजतात कसा, ते ऐकून माझं डोकं फिरलं होतं. सरकारने ठरवलेल्या भावातून १९८६-८८ चा भाव वजा करायचा आणि राहिलेल्या रकमेला उत्पादनाने गुणायचं. मधल्या तीस वर्षांत डिझेल, खत, तोडणी-वाहतूक कुठे गेली, याची दखल नाही. या मापाने उसाचा जवळजवळ अख्खा दरच अनुदान दिसायला लागतो. उलट १९९५ च्या करारावेळी जे देश आधीच भरमसाट अनुदान देत होते, त्यांना ते थोडं कापून पुढे चालू ठेवायचा हक्क मिळाला. आपल्याला १० टक्के आणि बाकी उपदेश. (गहू-तांदळासाठी २०१३ मध्ये बालीत जी तात्पुरती सवलत मिळाली, ती सरकारी धान्यसाठ्यांची. ऊस त्यात बसत नाही.)

पण आपलं रडगाणंही पूर्ण खरं नाही. हमीचा दर आहे म्हणून टँकर लागतो त्या मराठवाड्यात आपण ऊस लावला आणि जादा झालेली साखर जगाच्या बाजारात ढकलली. त्याने भाव पडला तर ग्वाटेमालातल्या शेतकऱ्यानं कुणाकडे जायचं?

काही बदललं का नाही, याचं कायदेशीर कारण सोपं आहे. डिसेंबर २०२१ मध्येच भारताने अपील केलं. पण अमेरिकेने नेमणुका अडवून धरल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून अपील ऐकायला पुरेसे सदस्यच नाहीत. ऐकणारं कुणी नाही, म्हणून निकाल लागू होत नाही. तलाठ्याकडे फेरफार अडकावा तसं.

मला मात्र त्यापुढचं जास्त बोलकं वाटतं. २०२१-२२ ला जगात भाव चढले आणि एक रुपयाही निर्यात अनुदान न घेता आपण ११० लाख टनांच्या आसपास साखर बाहेर पाठवली. २०२३ ला पाऊस दगा देऊन गेला आणि लोकसभा जवळ आली, तेव्हा निर्यात बंद. त्या डिसेंबरात उसाच्या रसापासूनच्या इथेनॉललाही लगाम. चार वर्षांपूर्वी साखर घालवायला पैसे मोजणारं सरकार तेव्हा दाराला कडी लावून बसलं. जिनिव्हात, डब्ल्यूटीओच्या कचेरीत, कायमचा शब्द मागतात. इथे आभाळ आणि मतदान बघून हंगामापुरतं ठरतं. अमेरिका-युरोपातही शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आला की करार बाजूला पडतात, तेव्हा हा एकट्या भारताचा हट्ट नाही.

२०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला ३५५ रुपये आहे. ती दहा टक्क्यांच्या मर्यादेत बसवून दाखवतो असं कुणी म्हणत असेल, तर त्यानं आधी शेतकरी ऊसदर मागायला जमतात त्या जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत स्टेजवर जाऊन तेवढं बोलून दाखवावं.