गाडी घ्या, पण हा सौदा नको

निफाड तालुक्यातल्या एका वाचकाने पत्रात सविस्तर आकडे दिले आहेत, ते आधी थोडक्यात सांगतो. वय ३८. पाच एकर शेती, शिवाय २०१५ चं एक पिकअप. त्यावर धाकटा भाऊ टोमॅटो, कांदा आणि द्राक्षांची भाडी मारतो. गाडी आता ऑइल खाते आणि मिस्त्री इंजिनकामाचे ९०,००० सांगतोय. शोरूममध्ये दोन टनांच्या नव्या पिकअपची ऑन-रोड किंमत ११.६० लाख आहे. जुनी गाडी एक्स्चेंजमध्ये २.४० लाखांना घेतील, वर २०,००० रोख भरायचे आणि उरलेले ९ लाख कर्ज, पाच वर्षांसाठी ‘फक्त साडेसात टक्क्यांनी’. जानेवारीपासून भाव वाढणार म्हणून याच आठवड्यात बुकिंग करा, असा आग्रह चालला आहे. वाचकाला दोन धास्ती आहेत. एक, एवढं कर्ज झेपेल का? आणि दुसरी, बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे निकष) गाड्यांच्या सेन्सरच्या तक्रारी कानावर येतात, तर अशी गाडी टिकेल का?

नमस्कार. तुम्ही आकडे न लपवता लिहिलेत, त्यामुळे मलाही स्पष्ट बोलता येईल.

निव्वळ पैशांचा हिशेब केला तर जुन्या गाडीचं इंजिन करून घेणं सगळ्यात स्वस्त आहे. ९०,००० खर्चून गाडी दोन वर्षं चालली तरी वर्षाला ४५,००० पडले. नव्या गाडीचा हप्ता वर्षाला अडीच लाखांच्या घरात जातो. एवढंच पाहिलं असतं तर ‘इंजिन करा आणि शोरूमकडे फिरकू नका’ असं लिहून मी थांबलो असतो. पण तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ‘आत्ताही गाडीत नव्वद क्रेट बसतात.’ त्या वाक्यापाशी मी थांबलो.

टोमॅटोचं एक क्रेट २० किलोचं. क्रेटचं स्वतःचं वजन धरून २२ किलो मोजू. नव्वद क्रेट म्हणजे १,९८० किलो. तुमच्या जुन्या गाडीची पासिंगची क्षमता तुम्हीच कळवली आहे, १,२५० किलो. म्हणजे दर फेरीला ७३० किलो जादा माल घेऊन तुमचा भाऊ रात्री कसारा घाट उतरतो. पिंपळगावच्या बाजारातून निघणाऱ्या कितीतरी गाड्या असंच भरून जातात, हे मला माहीत आहे. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाल्यापासून जादा भाराचा दंड २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिल्यांदा वजनाची पावतीच मागते. आणि घाटात दहा वर्षांच्या ब्रेकवर दोन टन माल असणं ही पैशांच्या पलीकडची गोष्ट आहे.

नियमात राहून जुनी गाडी चालवायची तर ५६ क्रेट भरता येतात. भाडं क्रेटवर मिळतं, डिझेल आणि टोल मात्र जवळजवळ तेवढाच लागतो. म्हणजे हातात उरणारा पैसा एक तृतीयांशाहूनही जास्त घटेल. इंजिनकामाचा पर्याय स्वस्त दिसतो तो जादा भार चालू राहणार हे गृहीत धरल्यामुळे. दोन टनांच्या गाडीत तेच नव्वद क्रेट कायद्यात बसतात. म्हणून गाडी बदलायचा तुमचा विचार मला पटतो. फक्त हे लक्षात असू द्या की नव्या गाडीने उत्पन्न वाढणार नाही, कारण क्रेट तेवढेच राहणार आहेत. ‘मोठी गाडी आली की हप्ता आपोआप निघेल’ हा शोरूममधला हिशेब तुमच्या बाबतीत लागू होत नाही.

आता कर्जाकडे येऊ. माझा खरा आक्षेप इथे आहे. साडेसात टक्के हा फ्लॅट दर आहे. यात पाचही वर्षं पूर्ण ९ लाखांवर व्याज धरतात, तुम्ही मुद्दल फेडत आलात तरी. हिशेब असा: ९ लाखांवर वर्षाला ६७,५००, पाच वर्षांत ३,३७,५०० व्याज. एकूण १२,३७,५०० भागिले ६० म्हणजे २०,६२५ रुपये हप्ता. तुम्हाला सांगितलेला हप्ता नेमका हाच आहे. घटत्या शिलकीच्या पद्धतीने, म्हणजे उरलेल्या मुद्दलावरच व्याज धरून मोजलं तर हा दर १३.३ टक्क्यांच्या आसपास जातो. तेच ९ लाख बँकेने घटत्या शिलकीवर १० टक्क्यांनी दिले तर हप्ता साधारण १९,१२० बसतो आणि एकूण व्याज २.४७ लाख होतं. ‘साडेसात’पेक्षा ‘दहा’ तुम्हाला ९०,००० रुपयांनी स्वस्त आहे.

आणि भाववाढ? तुमच्या पत्रातच ‘दोनेक टक्के’ म्हटलं आहे. ९.७९ लाखांच्या एक्स-शोरूम किमतीवर दोन टक्के म्हणजे २०,००० सुद्धा होत नाहीत. त्या भीतीने या आठवड्यात सही केलीत तर वीस हजार वाचवायला नव्वद हजार घालवाल. मुळात या गाड्यांची किंमत अलीकडेच उतरली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला. तुमच्या गाडीची करापूर्वीची किंमत सुमारे ८.३० लाख आहे, म्हणजे या एका बदलाने ८३,००० वाचले. महिनाभर थांबल्याने तो फायदा कुठे जात नाही.

कर्ज देणाऱ्याकडे ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने किरकोळ आणि छोट्या उद्योगांच्या मुदत कर्जांना ते बंधनकारक केलं आहे. त्यात सगळी फी धरून वार्षिक दर किती पडतो ते लिहावंच लागतं. तो आकडा पाहिल्याशिवाय कोऱ्या धनादेशांवर सह्या करू नका. मग ज्या बँकेत तुमचं पीककर्जाचं खातं आहे तिथे जा आणि मुद्रा योजनेतल्या तरुण गटाचं विचारा. तो ५ ते १० लाखांचा आहे, मालवाहू गाडीसाठी मिळतो आणि तारण लागत नाही. बँकेला कागद जास्त लागतील, दोन-तीन खेपा होतील. त्या घाला.

कर्ज ९ लाखांचंही नको. तुमच्या आकड्यांवरून मांडतो. डिझेल आणि भावाचा पगार वजा जाता आठ महिने दरमहा ३८,००० उरतात, मे ते ऑगस्ट १३,०००. वर्षाचे झाले ३.५६ लाख. टायर, विमा, पासिंग, सर्व्हिसिंगचे ७५,००० काढले की २.८१ लाख. (नव्या गाडीची दुरुस्ती कमी होईल पण विमा वाढेल, म्हणून तो आकडा तसाच ठेवला आहे.) शोरूमच्या कर्जाचा हप्ता वर्षाला २,४७,५००. हातात राहिले ३३,५००. एखाद्या वर्षी टोमॅटोचा भाव पडला, शेतकऱ्यांनी तोडणीच थांबवली की भाडीही थांबतात आणि त्याच वर्षी तुमच्या स्वतःच्या शेतातही पैसा नसतो. तुमची शेती आणि गाडी एकाच पिकावर उभी आहेत, त्यामुळे दोन्हीकडची खोट एकदमच येईल. तिथे ३३,५०० कुठे पुरणार?

हा सौदा असा करा. शेजारच्या गावचा माणूस जुन्या गाडीचे २.९० लाख देतोय, तर एक्स्चेंज सोडून त्यालाच विका. मात्र आरसी त्याच्या नावावर होईपर्यंत पूर्ण व्यवहार झाला असं समजू नका, कारण कागदावर नाव तुमचं असेल तोवर अपघाताची जबाबदारीही तुमचीच राहते. जानेवारीत लाल कांद्याचे दीड लाख येणार आहेत, त्यातले १.२० लाख इकडे वळवा. झाले ४.१० लाख. मग कर्ज ७.५० लाखांचं. दहा टक्के घटत्या शिलकीवर पाच वर्षांचा हप्ता साधारण १५,९३५ रुपये, वर्षाला १.९१ लाख. हातात ९०,००० उरतात. मुलीच्या शिक्षणाची ३ लाखांची ठेव मोडायचा विचार तुम्ही लिहिला आहे, तो सोडा. चांगल्या आठ महिन्यांत दरमहा ८,००० वेगळ्या खात्यात टाका. मे ते ऑगस्टचे हप्ते त्यातून जातील. बँक हंगामाप्रमाणे हप्ते बांधून देत असेल तर उत्तमच, विचारायला संकोच नको.

फेब्रुवारीत गाडी आली तर द्राक्षांचा हंगाम हाती असेल. तोवर जुन्या गाडीत ९०,००० घालू नका. ऑइल तपासत जवळच्या फेऱ्या करा. वाशीची भाडी आणि घाट तेवढा बंद ठेवा.

ऑन-रोडच्या आकड्यातही थोडं कमी करण्यासारखं आहे. एक्स-शोरूम, सात टक्के एकरकमी रोड टॅक्स आणि विमा मिळून १०.९६ लाख होतात. उरलेले ६४,००० हौदा, अ‍ॅक्सेसरीज आणि हँडलिंगचे. हौदा आणि ताडपत्रीचा सांगाडा पिंपळगावात बाहेर करून घेतला तर किती पडतो ते विचारा. हँडलिंगच्या नावाखाली मागतील ते देऊ नका. विमा शोरूमचाच घ्यावा अशी सक्ती नसते. थर्ड पार्टीचा दर सरकार ठरवतं (२०२२ च्या दरपत्रकात या वजनगटाला १६,०४९ रुपये), त्यामुळे घासाघीस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या भागावर होते. दोन कंपन्यांचे दर आणा.

राहिली टिकण्याची धास्ती. ती खोटी नाही, पण तिचं कारण नीट समजून घेतलं तर बरंचसं तुमच्या हातात आहे. एप्रिल २०२० पासून डिझेल गाड्यांना बीएस-६ लागू झालं आणि धुरातली काजळी अडवणारी डीपीएफ जाळी आली. ही काजळी जाळीतच जळून जावी लागते आणि त्याला धूर चांगला तापावा लागतो. वाशी-पुण्याच्या लांब फेरीत ते आपोआप होतं. शेत ते बाजार समिती अशा दहा-बारा किलोमीटरच्या फेऱ्या आणि लिलावाच्या रांगेत तासन्‌तास इंजिन चालू ठेवणं यात होत नाही. जाळी भरते, दिवा लागतो, गाडीची ताकद जाते, आणि लोक म्हणतात सेन्सर गेला. तुमच्या गाडीला दोन्ही प्रकारची कामं आहेत. म्हणून भावाला सांगा: रांगेत इंजिन बंद, आणि आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर अर्धा-पाऊण तास सलग. दिवा लागला की त्याच दिवशी लक्ष द्यायचं. कंपनीने सांगितलेलंच ऑइल वापरायचं, साधं ऑइल जाळी बुजवतं. बाहेर वायर कापून दिवे, हॉर्न बसवले तर वॉरंटी अडते. आणि कुणी ‘डीपीएफ काढून टाकतो’ म्हणाला तर त्याच्याकडे गाडी नेऊच नका, ते बेकायदा आहे.

महिंद्राचं बोलेरो मॅक्स, टाटाचं योद्धा, अशोक लेलँडचं बडा दोस्त, दोन टनांच्या आसपास हेच मुख्य पर्याय आहेत. मी कुठल्याही एकाच्या बाजूने बोलणार नाही. तुम्ही पिंपळगावच्या बाजारात उभं राहून दोन-तीन वर्षं जुनी बीएस-६ गाडी चालवणाऱ्यांना विचारा की बिघाड झाला तेव्हा गाडी किती दिवस उभी होती. नाशिकच्या सर्व्हिस सेंटरमध्ये इंजेक्टर आणि डीपीएफचे भाग शिलकीत असतात की मागवावे लागतात हेही पाहा. टोमॅटोच्या हंगामात गाडी आठवडाभर उभी राहिली तर दुरुस्तीच्या बिलापेक्षा बुडालेलं भाडं मोठं असेल. नवीऐवजी वापरलेली बीएस-६ गाडी घ्यावी का, हेही तुम्ही विचारलं आहे. ती मी घेणार नाही. आधीच्या मालकाने ती जाळी कशी वापरली हे कळायला मार्ग नसतो, आणि जुन्या गाडीचं कर्ज महागही पडतं.

कराचं काम सोपं आहे. दहापर्यंत मालगाड्या असणाऱ्यांना आयकरात अंदाजित उत्पन्नाची सोय आहे, अशा हलक्या गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये. त्यात व्याज किंवा घसारा वेगळा वजा होत नाही, त्यामुळे ‘कर्ज मोठं घेतलं तर कर वाचतो’ हे तुमच्यासाठी नाही. भावाच्या परवान्याची काळजीही नको. हलक्या वाहनाच्या परवान्यावर ७,५०० किलोपर्यंतची मालगाडी चालवता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं आहे. मात्र एकूण वजन ३,००० किलोंच्या वर जाणार असल्याने गाडीला मालवाहतुकीचं परमिट लागेल, ते डीलरकडून लेखी ठरवून घ्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत. विम्यातला १५ लाखांचा सक्तीचा अपघात विमा मालक स्वतः चालवत असेल तरच लागू होतो. आरसीवर नाव तुमचं आणि रात्री घाटात असतो भाऊ. पॉलिसी घेताना चालकासाठीचं संरक्षण वेगळं लिहून घ्या, आणि भावाला पगार देता तो बँकेतून द्या म्हणजे तो चालक असल्याचा पुरावा राहील. दोघांच्याही खात्यातून जीवनज्योतीचे ४३६ आणि सुरक्षा विम्याचे २० रुपये जाऊ द्यात, आणि तुमच्या नावावर निदान कर्जाएवढा मुदत विमा घ्या. हे कागद हातात आल्यावरच डीलरला उरलेली रक्कम द्या.