गाण्याचा वाद नंतर, आधी ९ सप्टेंबरचे ध्वनिमुद्रण वाचवा

नागपूरच्या मानेवाडा परिसरातील एका ताईंचे पत्र माझ्यापुढे आहे. त्यांचा मुलगा सातवीत असून तो ज्या व्हॅनने शाळेत जातो तिच्यात रोज सकाळी एक खासगी एफएम केंद्र लावलेले असते. जुलैच्या पहिल्या आठवड्यात, विदर्भातल्या शाळा नुकत्याच सुरू झाल्या होत्या तेव्हा, मुलाने नशेचे गोडवे गाणारे एक गाणे घरी म्हणून दाखवले. पुढे ९ सप्टेंबरला सकाळी पावणेआठच्या सुमारास ताईंनी मुद्दाम तेच केंद्र घरी लावले असता, तशाच एका गाण्यानंतर निवेदकाने शनिवारच्या पार्टीत ‘माल’ कमी पडणार नाही अशा अर्थाचे काही सांगून त्या पार्टीचे पास श्रोत्यांना देऊ केले. ताईंनी केंद्राला फोन केला, तिथे दाद लागली नाही, म्हणून त्यांनी फेसबुकवर केंद्राचे नाव घालून ‘हे लोक नागपूरच्या पोरांना ड्रग्ज विकतात’ असे लिहिले. आता केंद्राच्या वकिलांची नोटीस आली आहे: पंधरा दिवसांत जाहीर माफी मागा, अन्यथा पंचवीस लाखांच्या भरपाईचा दावा आणि फौजदारी तक्रार. रेडिओने अशी गाणी वाजवावीत का, आणि आपण माफी मागावी का, असे दोन प्रश्न त्या विचारतात.

पालकांची अशी पत्रे मला वरचेवर येतात आणि जवळजवळ प्रत्येकाची सुरुवात पहिल्या प्रश्नाने होते. त्या प्रश्नावर माझेही मत आहे, परंतु ते इथे कोणाच्या उपयोगाचे नाही. न्यायालय ‘वाजवावीत का’ असे विचारत नाही. ते विचारते की नेमके काय वाजले, किती वाजता वाजले आणि ते सिद्ध कोण करणार. ताई, आपल्या प्रकरणाचा निकाल या शेवटच्या प्रश्नावर लागणार आहे आणि त्याचे उत्तर सध्या आपल्या हातात नाही, तर आपल्याला नोटीस पाठवणाऱ्या कंपनीच्या हातात आहे.

खासगी एफएम केंद्र चालवणारी कंपनी केंद्र सरकारशी जो अनुमती करार करते, त्यात प्रसारित कार्यक्रमांचे ध्वनिमुद्रण प्रसारणाच्या दिवसापासून तीन महिने जपून ठेवण्याची आणि सरकारने मागितल्यास ते सादर करण्याची अट असते. तीन महिन्यांनंतर ते पुसून टाकले तर कंपनीने कराराचा भंग केला असे म्हणता येत नाही. याचा अर्थ असा की जुलैमधील प्रसारणाची मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच संपली आणि तो प्रसंग पुराव्याच्या दृष्टीने हातचा गेला असे समजूनच पुढे चालावे. ९ सप्टेंबरच्या प्रसारणाची मुदत ९ डिसेंबरला संपते. हे उत्तर मी २६ नोव्हेंबरला लिहीत आहे, म्हणजे आपल्याकडे तेरा दिवस उरले आहेत, आणि मधल्या अकरा आठवड्यांत आपण एक फोन आणि एक फेसबुक पोस्ट यापलीकडे काहीही केलेले नाही. फोन कोणाला केला, किती वाजता केला, समोरच्याने नाव काय सांगितले, यापैकी काहीच आपण लिहून ठेवलेले दिसत नाही. मला आपल्यावर रागवायचे नाही, परंतु दहा ओळींचे एक पत्र सप्टेंबरमध्येच टपालात पडले असते तर आज नोटीस पाठवण्यापूर्वी त्या कंपनीला दोनदा विचार करावा लागला असता.

त्याहून अधिक खंत वाटते ती आपल्या स्वतःच्या ध्वनिमुद्रणाची. आपण त्या सकाळी मोबाइलवर चाळीस-पन्नास सेकंदांचा भाग टिपला होता, तो नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला आणि दिवाळीत एक्स्चेंज ऑफरमध्ये तो मोबाइलच दुकानात देऊन टाकला. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या जालन्याच्या निवडणूक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे की ज्या उपकरणात मूळ नोंद आहे ते उपकरणच त्याच्या मालकाने न्यायालयात हजर केले तर वेगळे प्रमाणपत्र लागत नाही, मात्र प्रत दाखल करायची असेल तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. तो निकाल जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५ब वरचा आहे. आता भारतीय साक्ष्य अधिनियमातील कलम ६३ प्रमाणे ते प्रमाणपत्र द्यावे लागते. यजमानांच्या मोबाइलमध्ये पडून असलेल्या प्रतीवर असे प्रमाणपत्र तयार करता येईल, परंतु ती प्रत मध्येच कापलेली नाही हे पटवून देताना उलटतपासणीत आपली दमछाक होईल. म्हणून केंद्राकडील मूळ ध्वनिमुद्रणाला पर्याय नाही.

तेव्हा उद्याच्या उद्या स्पीड पोस्टने, पोचपावतीसह, केंद्राच्या नागपूर कार्यालयाला, कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाला आणि नोटीस पाठवणाऱ्या वकिलांना असे एकच पत्र पाठवा. त्यात ९ सप्टेंबर, सकाळी साडेसात ते आठ, केंद्राची फ्रिक्वेन्सी आणि निवेदकाच्या बोलण्याचा आशय लिहा, आणि कंपनीनेच नोटिशीत न्यायालयीन कारवाईचा इशारा दिलेला असल्याने या अर्ध्या तासाचे संपूर्ण ध्वनिमुद्रण वाद निकाली निघेपर्यंत नष्ट करू नये, अशी मागणी करा. पत्रात संताप नको आणि विशेषणे तर मुळीच नकोत. त्याच मजकुराची तक्रार दिल्लीला माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे आणि केंद्र सरकारच्या तक्रार निवारण पोर्टलवर त्याच दिवशी नोंदवा व मंत्रालयाने करारानुसार ते ध्वनिमुद्रण मागवून घ्यावे अशी विनंती करा. माहिती अधिकाराचा अर्ज करू का, असे आपण विचारले आहे. खासगी कंपनी त्या कायद्याखाली येत नाही, आणि मंत्रालयाकडे अर्ज केला तर उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे. तोवर ९ डिसेंबर उलटून गेलेला असेल.

अशा पत्राचा उपयोग पुढे होतो. हाताशी असलेला पुरावा एखाद्या पक्षाने दडवला किंवा दिला नाही, तर तो त्याच्याच विरुद्ध गेला असता असे अनुमान काढण्याची मुभा साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११९ खाली न्यायालयाला आहे. न्यायालय ते काढेलच असे कोणी सांगू शकत नाही. परंतु मागणी मुदतीच्या आत झाली होती हे पोचपावतीने दाखवता आले तर ‘आमच्या नियमाप्रमाणे पुसले गेले’ हे उत्तर लंगडे पडते. मुदतीनंतर केलेल्या मागणीला हे बळ नसते.

आता गाण्यांविषयी. अनुमती कराराच्या कलम ७.६ प्रमाणे खासगी एफएम केंद्रांना आकाशवाणीचीच कार्यक्रम व जाहिरात संहिता पाळावी लागते. त्याच कलमाचा आधार घेऊन मंत्रालयाने १ डिसेंबर २०२२ रोजी सर्व एफएम केंद्रांना दारू, अमली पदार्थ, शस्त्रे आणि टोळीबाजी यांचे उदात्तीकरण करणारा मजकूर प्रसारित करू नये असे बजावले आणि भंग झाल्यास परवानगी स्थगित करण्याची व प्रसारण थांबवण्याची तरतूद असल्याचे स्मरण करून दिले. त्यामागे पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने अशा गाण्यांचा कोवळ्या वयावर होणाऱ्या परिणामाबद्दल व्यक्त केलेली चिंता होती. त्याच न्यायालयाने २०१९ मध्ये दारू, अमली पदार्थ आणि हिंसा यांचा गौरव करणारी गाणी जाहीर कार्यक्रमांतही वाजू नयेत याची जबाबदारी तिथल्या पोलीस महासंचालकांवर टाकली होती. तो आदेश नागपुरात बंधनकारक नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्या नागपूर खंडपीठापुढे तो फार तर आधार म्हणून दाखवता येईल.

मंत्रालयाची सूचना कितपत टिकेल याबद्दल मी सावधच राहीन. राज्यघटनेच्या अनुच्छेद १९(२) प्रमाणे अभिव्यक्तीवरचे निर्बंध कायद्याने घालावे लागतात आणि सूचनापत्र म्हणजे कायदा नव्हे, हा युक्तिवाद कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला करील. शिवाय त्याच्या हाती १९५१ चा बलसारा खटला आहे, ज्यात मुंबई दारूबंदी कायद्यातील मादक पदार्थाची नुसती स्तुती करण्यालाही गुन्हा ठरवणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत म्हणून रद्द केल्या. (तेव्हा नागपूर मध्य प्रदेशाची राजधानी होते आणि तो कायदा इथे लागूही नव्हता, हा आपला योगायोग.) निकालानंतर महिन्याभरातच अनुच्छेद १९(२) मध्ये दुरुस्ती झाली, त्यामुळे तो आज जसाच्या तसा लागू पडेल असे मी म्हणत नाही. उलट बाजूने असेही म्हणता येते की कंपनीने संहिता पाळण्याचे करारातच कबूल केले आहे आणि ध्वनिलहरी सार्वजनिक मालमत्ता आहेत हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितले आहे. ‘या गाण्याच्या चित्रपटाला सेन्सॉरचे प्रमाणपत्र आहे’ हे उत्तर मात्र पुरेसे नाही. ते प्रमाणपत्र चित्रपटाच्या जाहीर प्रदर्शनासाठी असते, आणि चित्रपटाबाहेरच्या अल्बमला तर ते लागतच नाही.

या सगळ्या वादात न पडता मी आपल्याला गाणे बाजूला ठेवायला सांगेन. गाणे कवीचे आणि ते बाजारात आणणाऱ्या संगीत कंपनीचे, आणि त्याचा अर्थ कसा लावायचा यावर दोन तज्ज्ञ चार वर्षे भांडू शकतात. निवेदक जे बोलला ते मात्र केंद्राचे स्वतःचे बोलणे आहे, आणि पार्टीचे पास वाटले असतील तर त्यामागे प्रायोजक असण्याचा संभव आहे. आकाशवाणीच्या जाहिरात संहितेत दारू आणि तंबाखूच्या जाहिराती बसत नाहीत. ‘माल’ या शब्दाचा अर्थ तिथे काय होता हे ऐकल्याशिवाय मी सांगणार नाही, आणि ऐकण्यासाठी पुन्हा तेच ध्वनिमुद्रण लागेल.

नोटिशीबद्दल. ‘ही गाणी मुलांपुढे नशेचे उदात्तीकरण करतात’ असे आपण लिहिले असते तर ते मत ठरले असते आणि आपण निर्धास्त असता. ‘ड्रग्ज विकतात’ हे मत नाही, तो दहा-दहा वर्षांच्या शिक्षा असलेल्या गुन्ह्याचा आरोप आहे, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ प्रमाणे कंपनीचीही बदनामी होऊ शकते. त्याच कलमाच्या आठव्या अपवादाने अधिकार असलेल्या व्यक्तीकडे सद्भावनेने केलेल्या तक्रारीला संरक्षण दिले आहे. म्हणजे फेसबुकवर टाकलेला राग मंत्रालयाकडे लिहून गेला असता तर ही नोटीस बहुधा आलीच नसती.

नोटिशीतील पंधरा दिवसांना कायद्याचे बळ नाही, तरीही आपल्याला ती १८ नोव्हेंबरला मिळाली असल्याने ३ डिसेंबरपूर्वी उत्तर द्या. पोस्ट आणि तिच्याखालच्या प्रतिक्रिया यांचे स्क्रीनशॉट आधी जपून ठेवा आणि मग ती काढून टाका. काढणे म्हणजे कबुली नव्हे, हे उत्तरात लिहा. ते एक वाक्य आपण मागे घेत आहात, कारण अमली पदार्थांची विक्री असा त्याचा अर्थ आपल्याला अभिप्रेत नव्हता, एवढेच सांगा. ९ सप्टेंबरच्या प्रसारणाबद्दलची तक्रार मात्र कायम ठेवा. नोटिशीत म्हटल्याप्रमाणे सरसकट माफी मागितलीत तर तीच पुढे आपल्या तक्रारीविरुद्ध वाचून दाखवली जाईल. पंचवीस लाखांच्या आकड्याने झोप उडवून घेऊ नका. बदनामीचा दिवाणी दावा एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो हे खरे, परंतु दाखल झालेला दावा आपल्या जिल्हा न्यायालयात निकाली निघेपर्यंत आपला चिरंजीव बहुधा मतदानाच्या वयाचा झालेला असेल.

जनहित याचिकेचा विचार सध्या सोडा. मंत्रालयाकडे लेखी मागणी करून नकार किंवा मौन पदरी पडल्याशिवाय खंडपीठापुढे गेलात तर तिथून आधी मंत्रालयाकडेच पाठवणी होण्याचा संभव आहे. व्हॅनमधला रेडिओ बंद करण्यासाठी याचिका लागतही नाही. २०११ च्या स्कूल बस नियमांप्रमाणे शाळेत परिवहन समिती असते व मुख्याध्यापक तिचे प्रमुख असतात, त्यांना पत्र द्या आणि पोच घ्या.

आणि जुना मोबाइल ज्या दुकानात दिला तिथे आजच जाऊन विचारा. त्यातील नोंद पुसली गेली असण्याचीच शक्यता अधिक आहे, परंतु तो अजून तिथेच पडलेला असेल तर जी किंमत सांगतील ती देऊन बिलासह परत घ्या आणि चालू न करता आपल्या वकिलाकडे सोपवा.