रस्त्याखालचा पाइप कोणाचा?

प्रश्न : रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत आमचं घर आहे. वडिलांच्या वेळची नळजोडणी रस्त्याखालून, पुढे चुलतभावाच्या पोफळीच्या वाडीतून मागे आमच्याकडे येते. १९९६ साली वाटण्या झाल्या. गेल्या वर्षी रस्ता काँक्रिटचा केला, तेव्हापासून पाणी करंगळीएवढं येतं आणि कधीकधी वास मारतो. आता नगरपरिषदेची नोटीस आली आहे : सात दिवसांत स्वखर्चाने गळती काढा, रस्ता खोदाईचे पैसे भरा, नाहीतर जोडणी तोडू. चुलतभाऊ वाडीत पहार लावू देत नाही. त्यात सेप्टिक टँक तुंबलाय. तोही आमच्याच गळ्यात का?

उत्तर : गडग्याबाहेरचं सगळं नगरपरिषदेचं, असं धरून तुम्ही नोटिशीचं उत्तर लिहायला बसला असाल तर थांबा. पाणीपुरवठ्याच्या उपविधींत साधारणपणे मुख्य जलवाहिनी नगरपरिषदेची असते आणि तिच्यावर फेरूल (घरजोडणीचा पाइप जिथे जोडतात तो तुकडा) बसवलेला असतो तिथून घरापर्यंतचा पाइप ग्राहकाचा. तो सार्वजनिक रस्त्याखाली गेला तरी ग्राहकाचाच. तुमच्या नगरपरिषदेचे उपविधी आणि नळजोडणीच्या मंजुरीतल्या अटी तेवढ्या मिळवून वाचा.

पण पाइप तुमचा आहे म्हणजे तो तुम्ही फोडलात असं होत नाही. काँक्रिटीकरणात जेसीबीचा दात लागून किंवा रोलरच्या दणक्याने जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गेला असेल, तर नुकसानीची जबाबदारी ठेकेदाराची आणि काम देणाऱ्या नगरपरिषदेची. हे सिद्ध कसं करायचं? माहिती अधिकारात त्या रस्त्याचं अंदाजपत्रक, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाच्या नोंदवहीच्या) प्रती मागा. माहिती ३० दिवसांत द्यावी लागते. अंदाजपत्रकात ‘नळजोडण्या पूर्ववत करणे’ अशी बाब सापडली आणि तिचं बिलही निघालेलं असलं, तर त्याच कामाचे पैसे तुमच्याकडून मागायला त्यांना तोंड उरत नाही. दोष दायित्व कालावधी, म्हणजे ठेकेदाराने कामातले दोष स्वतःच्या खर्चाने काढून द्यायची मुदत, संपलेला नसेल तर आणखी बरं.

पाण्याच्या वेळेत एक करून बघा. मीटरनंतरचा, घराच्या बाजूचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद करा. तरीही रस्त्यात पाणी पाझरत असेल तर गळती मीटरच्या अलीकडे, रस्त्याच्या बाजूला आहे. मग आरोग्य खात्याच्या माणसाला शेजारच्या आणि तुमच्या नळाची ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन असेल तर ते पिवळं होतं) एकाच वेळी करायला सांगा. शेजारी पाणी पिवळं होतं आणि तुमच्याकडे होत नाही, म्हणजे क्लोरीन वाटेत संपतंय आणि बहुधा गटाराचं पाणी आत शिरतंय. तोवर पाणी उकळून प्या.

नोटिशीला उत्तर मात्र मुदतीतच द्या. संयुक्त स्थळपाहणी आणि पंचनामा मागा, आवक शिक्का घ्या. पाण्यावाचून अडलंच तर ‘हरकत राखून’ असं पावतीवर आणि पत्रात लिहून पैसे भरा, दुरुस्ती करून घ्या, फोटो काढा, मग वसुलीचं बघू. दावा लावायचा तर नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ३०४ प्रमाणे महिनाभर आधी लेखी नोटीस लागते, आणि दाव्याची मुदतही तोकडी असते. रस्त्याला वर्ष होत आलंय, तेव्हा गणपती होऊ देत, मग बघू, हे इथे चालणार नाही. कागद घेऊन स्थानिक वकिलाला लगेच भेटा.

आता भाऊबंद. इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्याहून भक्कम आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम १३ नुसार एकत्र मिळकतीची वाटणी होताना एका हिश्श्यासाठी दुसऱ्याच्या हिश्श्यातली जी सोय गरजेची असेल ती कायम राहते. तो पाइप वाटणीच्या आधीपासूनचा आहे. वाटणीपत्रात त्याच्या विरुद्ध काही लिहिलेलं नाही ना, एवढं पाहा. कलम २४ मधलं उदाहरण तर तुमच्यासाठीच लिहिल्यासारखं आहे : शेजाऱ्याच्या जमिनीतून पाइप नेण्याचा हक्क असेल तर दुरुस्तीसाठी आत जाऊन खणता येतं, फक्त जमीन होती तशी करून द्यायची. खर्च तुमचा. चार पोफळी दुखावल्या तर भरपाईही तुमची. पण ‘पाय ठेवू देणार नाही’ हे त्याला म्हणता येत नाही. आधी गावातल्या कोणा जाणत्याला मध्ये घालून लेखी संमती घ्या, तारीख ठरवून खणा. नाहीच ऐकलं तर दिवाणी न्यायालयात मनाईहुकूम मागा. माझ्या मते तो मिळावा. रात्रीतून खणू नका, फौजदारी ओढवून घ्याल.

सेप्टिक टँक? तुमच्या आवारातला, म्हणून तुमचाच. भुयारी गटार नसलेल्या कोकणातल्या गावांत दुसरा उपाय नाही. नगरपरिषदेची सक्शन गाडी पैसे भरून मागवा. चार पैसे वाचवायला कोणाला टाकीत उतरवू नका. हाताने मैला साफ करून घेण्यावर बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाकडून टाकी साफ करून घेणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि तो खुद्द घरमालकालाही लागू होतो.