‘पोलिटिकली करेक्ट’ हा टोमणा कसा झाला?

प्रश्न : परवा बोलता बोलता माझ्या भाच्याने शेजारच्या गृहस्थांचा ‘ते आंधळे काका’ असा उल्लेख केला. ‘दृष्टिहीन म्हणावे रे’, असे मी सुचवले, तर ‘मावशी, उगाच पोलिटिकली करेक्ट होऊ नकोस’, असे तो म्हणाला. शब्दशः पाहिले तर ‘राजकीयदृष्ट्या बरोबर’ ही प्रशंसा वाटते. ती टोमणा म्हणून का वापरली जाते? हा शब्दप्रयोग आला कोठून, आणि मराठीत त्याला काय म्हणावे?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपल्याला खटकलेली विसंगती खरी आहे, आणि ती समजण्यासाठी हा शब्दप्रयोग कोणी, कोणाला उद्देशून वापरला हे पाहत जावे लागते. १७९३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात ‘चिझोम विरुद्ध जॉर्जिया’ हा खटला चालला. एका राज्याच्या नागरिकाला दुसऱ्या राज्यावर दावा लावता येतो का, असा त्यातील प्रश्न होता. न्यायमूर्ती जेम्स विल्सन यांचे म्हणणे असे, की सार्वभौमत्व जनतेचे असते, राज्यांचे नव्हे. परंतु लोकांच्या रोजच्या बोलण्यातही याचा विसर पडलेला दिसतो. त्यासाठी त्यांनी मेजवानीतले उदाहरण दिले. चषक उंचावून शुभेच्छा देताना लोक ‘संयुक्त संस्थाने’ म्हणतात, वास्तविक ‘संयुक्त संस्थानांची जनता’ असे म्हणायला हवे. पहिले म्हणणे ‘पोलिटिकली करेक्ट’ नाही, असे त्यांनी निकालपत्रात लिहिले. येथे टोमणा नाही, कोणाचे मन दुखावण्या-न दुखावण्याचा प्रश्नही नाही. राज्यव्यवस्थेच्या तत्त्वाला धरून अचूक, एवढाच सरळ अर्थ आहे.

आजचा सूर या शब्दांना विसाव्या शतकातील डाव्यांच्या आपसातील वादांतून मिळाला. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर आणि स्टालिन यांच्यात एकमेकांवर हल्ला न करण्याचा करार झाला आणि कालपर्यंत फॅसिझमविरुद्ध बोलणाऱ्या अमेरिकन कम्युनिस्टांना पक्षाची भूमिका बदलताच आपलीही भाषा बदलावी लागली. पक्ष म्हणेल ते प्रमाण मानून माणुसकीलाही बाजूला सारणाऱ्या अशा कार्यकर्त्यांना पुढे १९४०च्या दशकाच्या अखेरीस समाजवादी ‘पोलिटिकली करेक्ट’ म्हणून हिणवत असत, अशी आठवण अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ हर्बर्ट कोल यांनी नोंदवली आहे. म्हणजे हा टोमणा उजव्यांनी घडवला, हा समज बरोबर नाही. तो डाव्यांनीच डाव्यांना मारलेला आहे.

१९७० मध्ये टोनी केड बंबारा या कृष्णवर्णीय लेखिकेने पुन्हा गांभीर्याने हे शब्द वापरले. पुरुषी अहंकार बाळगणारा माणूस राजकीयदृष्ट्या योग्य असूच शकत नाही, असे तिने लिहिले. कृष्णवर्णीयांच्या मुक्तीच्या चळवळीत पुढे असणारे पुरुष आपल्याच चळवळीतल्या स्त्रियांना कसे वागवतात, यावर तिचा रोख होता. माझ्या मते या शब्दप्रयोगाच्या साऱ्या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा वापर आहे, कारण त्यात शब्दाची नव्हे, वागण्याची कसोटी लावलेली आहे. पुढे स्त्रीवादी आणि डाव्या मंडळींत, फार कडक सोवळे पाळणाऱ्या सहकाऱ्याची किंवा स्वतःचीच थट्टा करण्यासाठी तो वापरला जाऊ लागला.

ही घरातली थट्टा चव्हाट्यावर आली ती १९९० मध्ये. त्या ऑक्टोबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विद्यापीठांतील ‘पोलिटिकली करेक्ट’ वातावरणावर लेख छापला, डिसेंबरात ‘न्यूजवीक’ने त्यावर मुखपृष्ठकथा केली, आणि १९९१ मध्ये दिनेश डिसूझा यांचे अमेरिकन विद्यापीठांवर कठोर टीका करणारे पुस्तक गाजले. (हे डिसूझा मुंबईत जन्मलेले, मूळ गोमंतकीय कुटुंबातले.) त्याच वर्षी मे महिन्यात राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश थोरले यांनी मिशिगन विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात हा विषय काढला. वंशद्वेष आणि स्त्रीद्वेष झाडून टाकण्याची इच्छा स्तुत्य आहे, पण त्यातून जुन्या पूर्वग्रहांच्या जागी नवे पूर्वग्रह येत आहेत, असा त्यांचा आशय होता. त्यांच्या टीकेत निदान मूळ हेतूची कदर होती. २०१५ मध्ये डोनाल्ड ट्रम्प यांना वादसभेत, स्त्रियांविषयी त्यांनी वापरलेल्या अपशब्दांबद्दल विचारले गेले, तेव्हा पोलिटिकली करेक्ट असणे हीच देशापुढची मोठी समस्या आहे, असे उत्तर त्यांनी दिले. प्रश्न अपशब्दांचा होता. उत्तरात मात्र विचारणाऱ्याचाच दोष निघाला. आपल्या भाच्याच्या तोंडी आलेला वापर या शेवटच्या टप्प्यातला आहे. अलीकडे हीच गत ‘वोक’ या शब्दाची झाली आहे. अन्यायाबाबत जागे राहा, अशा अर्थाने कृष्णवर्णीयांच्या बोलीत रूढ असलेला तो शब्द आज बहुधा हेटाळणीसाठीच ऐकू येतो.

मराठी प्रतिशब्दाविषयी : ‘राजकीयदृष्ट्या योग्य’ या भाषांतराने घोटाळा होतो, कारण ते ऐकून पक्षाच्या सोयीचे असे काहीतरी मनात येते. प्रशंसेने म्हणायचे असेल तर ‘भाषिक भान’ आणि हिणवून म्हणायचे असेल तर ‘शाब्दिक सोवळे’ असे दोन वेगळे शब्द वापरावेत, असे मी सुचवेन. दोन्ही आपल्याकडे घडताना दिसतात. एप्रिल २०२३ मध्ये विधवांच्या नावापुढे ‘गंगा भागीरथी’ लावण्याचा प्रस्ताव राज्याच्या महिला व बालविकास मंत्र्यांनी पुढे केला, तेव्हा त्यावर मोठा आक्षेप घेतला गेला. ‘गं. भा.’ ही दोन अक्षरे आपण जुन्या लग्नपत्रिकांवर आणि पाकिटांवर पाहिलेली असतील. शब्द पवित्र, पण काम एकच, नाव वाचण्याआधी ती बाई विधवा आहे हे जगाला सांगण्याचे. ‘अपंग’ऐवजी ‘दिव्यांग’ हा शब्द सरकारी व्यवहारात आला, तेव्हाही या क्षेत्रातील काही संघटनांनी विरोध केला. अवयवाला दिव्य म्हटल्याने शाळेला चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधला जात नाही, की नोकरी मिळत नाही, असा त्या विरोधाचा गाभा होता.

आता आपल्या घरच्या प्रसंगाविषयी. ‘आंधळा’ हा शब्द मराठीत दूषण म्हणून इतका वापरला गेला आहे, की तो टाळण्याची आपली सूचना रास्तच आहे. ‘दृष्टिहीन’ हाच एक शब्द बरोबर, असे मात्र नाही. ‘अंध’ हा शब्द अनेक अंध व्यक्ती स्वतःविषयी निःसंकोच वापरतात. पण भाच्याला त्या गृहस्थांच्या दृष्टीविषयी काही सांगायचे नव्हते, फक्त ते कोण हे सांगायचे होते. शेजारच्या इतर काकांना तो आडनावाने ओळखत असेल, तर यांनाही आडनावानेच ओळखावे.